शोधनिबंध कुठे द्यावा?

संशोधनाची वर्षं संपत येतात, शोधनिबंध लिहून होतो आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो: पाठवायचा कुठे? नेमका तेव्हाच मोबाइलवर निरोप येतो. पैसे भरा, आठवडाभरात छापून देऊ, प्रमाणपत्रही देऊ.

या बाजाराला खतपाणी नियमांनीच घातलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणं सक्तीचं केलं. ती सक्ती २०२२मध्ये उठली; मुलाखतीत आणि बढतीत निबंध मोजण्याची सवय मात्र राहिली.

आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली होती. ती तपासायला घेतली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा निबंध मार्च २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन क्रमांकच चुकीचा. मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नावं वगळली. मग आयोगाची ‘केअर’ ही नवी यादी आली, तर भामट्यांनी तिच्यातल्या चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट काढल्या! फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगानं तीही यादी बंद केली. निवड आता विद्यापीठांकडे आणि संशोधकांकडे आली आहे, आणि ती त्यांचीच असायला हवी होती.

ही निवड स्वतःच्या संदर्भसूचीपासून सुरू करावी. ज्यांचं काम वाचून आपलं संशोधन उभं राहिलं, ते कुठे लिहितात? त्या नियतकालिकाचे मागचे चार-सहा अंक वाचावेत. एकाच अंकात अभियांत्रिकी, आयुर्वेद आणि मराठी समीक्षा असेल, तर या सगळ्यांचं परीक्षण कोण करतं, हे विचारावं. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल पाठवावा. काहींना आपलं नाव तिथे छापलंय याची कल्पनाही नसते. शुल्क घेतं म्हणून नियतकालिक वाईट ठरत नाही. ‘प्लॉस वन’ हे नियतकालिकही घेतं, पण आकडा आधीच जाहीर असतो.

याच्या उलट उदाहरण हैदराबादच्या ओमिक्स कंपनीचं. ती शेकडो नियतकालिकं काढत असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर फसवणुकीचा दावा लावला आणि २०१९मध्ये तिथल्या न्यायालयानं कंपनीला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. कमिशनची एक तक्रार अशी होती, की शुल्काचा आकडा निबंध स्वीकारल्यावर कळे आणि लेखकानं निबंध परत मागितला तरी अनेकदा सोडला जात नसे. आधीच इतरत्र छापून आलेलं काम चांगली नियतकालिकं घेत नाहीत. त्यामुळे या लेखकांचं संशोधन तिथेच अडकून पडलं.