पोटभर चारा आणि साखळदंड



कोंडलेल्या हत्तीविषयी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याला वेळेवर चारा मिळतो, आजारात वैद्य मिळतो, शिकाऱ्याचे भय नसते. मग रानात उपाशी भटकण्यापेक्षा हे काय वाईट? हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे.

२००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात साडेचार हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यक आयुष्य १६.९ वर्षे भरले. केनियातील अंबोसेलीच्या रानात नैसर्गिक मरण येणाऱ्या हत्तिणींचे ५६ वर्षे. माणसांनी मारलेल्या हत्तिणी हिशेबात धरल्या, तरी तो आकडा ३५.९ वर्षांच्या खाली येत नाही!

याहून विचार करायला लावणारी तुलना आशियाई हत्तींची आहे. संग्रहालयात जन्मलेल्या हत्तिणींचे आयुष्य १८.९ वर्षे, तर ब्रह्मदेशात सागाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तिणींचे ४१.७ वर्षे. म्हणजे राबणारी हत्तीण नुसत्या पोसलेल्या हत्तिणीच्या दुपटीहून अधिक जगते. याचा अर्थ राबवणे चांगले, असा कोणी काढू नये. त्या हत्तींना रात्री रानात सोडले जाते. तिथे ते स्वतः चरतात आणि आपल्या जातभाईंत वावरतात. कोंडलेल्या हत्तीला नेमके हेच नाकारलेले असते.

हत्ती हा समाजशील प्राणी आहे. कळप जाणत्या हत्तिणीच्या मागे चालतो. पाणवठ्याची वाट तिला ठाऊक असते. पिलाला आईबरोबर मावश्याही सांभाळतात. दिवसाचा बराचसा काळ चालण्यात आणि चरण्यात जातो. सिमेंटच्या फरशीवर उभ्या असलेल्या हत्तीचे पाय सडतात, अंग सुटते, आणि तो तासन् तास एकाच जागी डुलत राहतो. बघे त्याला आनंद समजतात. वस्तुतः ते क्लेशाचे लक्षण आहे.

आपल्याकडेही हे पटू लागले आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने संग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या शिबिरांत व अभयारण्यांत हलवण्याचा आदेश काढला. कोल्हापूरच्या ज्योतिबा देवस्थानाला दान मिळालेला 'सुंदर' हत्ती २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बन्नेरघट्टा येथे इतर हत्तींच्या सोबतीला गेला.

रान म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथे दुष्काळ आहे, चोरटी शिकार आहे, कळपाच्या वाटेवर रेल्वेचे रूळ आहेत. शिवाय जन्मभर कोंडलेला हत्ती एकाएकी रानात सोडून भागत नाही. म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रदर्शनासाठी वा मिरवणुकीसाठी नवा हत्ती कोंडू नये. जे कोंडलेले आहेत त्यांना मोकळी जमीन आणि सोबत मिळावी. रानातील त्यांच्या वाटा राखाव्यात, आणि त्या राखताना रानाकाठच्या शेतकऱ्याच्या पिकाची भरपाई वेळेवर व्हावी. नाहीतर हत्तीच्या स्वातंत्र्याची किंमत एकट्या गरिबाने मोजली, असे होईल.

केवळ चाऱ्याने आयुष्य भरत नाही, हे त्या आकड्यांनी सिद्ध केले आहे. यापुढे 'त्याला खायला तर मिळते ना' हे उत्तर आपण कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.