साष्टी व शेजारच्या तालुक्यांतील शेती



ज्युबिलीच्या प्रसंगी इमारतीचा, देणगीदारांचा व दिवंगत धर्मगुरूंचा इतिहास सांगण्याची वहिवाट आहे. ते काम आमच्याहून अधिक लायक वक्त्यांकडे सोपविले आहे. आम्ही आज शेताविषयी बोलणार आहोत. कारण ह्या मुलखातील जुनी देवळे ज्यांनी उभारली व पोसली, ते साष्टीचे ख्रिस्ती लोक बहुतांशी शेतकरी, कोळी व भंडारी होते. आपल्यापैकी जे गोमंतकातून किंवा मंगळुराकडून आले, त्यांच्याही आजोळी भातच पिकत असे. तेव्हा हा विषय कोणालाच परका वाटू नये.

गोरेगाव पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे. येथे पूर्वेस डोंगर, पश्चिमेस खाडी आणि मधून वाहणारी ओशिवरा नदी. एवढ्याशा अंतरात शेतीच्या दोन निराळ्या रीती नांदत होत्या. डोंगराकडील गोड्या जमिनीत वैशाखात पालापाचोळा, काटक्या व शेण जाळून राब भाजावयाचा, त्यावर रोपे वाढवावयाची, मग आषाढात चिखलात उतरून ती लावावयाची. भात निघाले की त्याच ओलीवर वाल पेरावयाचा. खाडीकडील खाऱ्या जमिनीला मात्र ना नांगर ना राब. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले, की चिखलातच बी टाकीत. पाणी फार साचले असेल, तर भिजवून मोड आणलेले बी पाण्यावर फेकीत. तांदूळ जाडाभरडा निघे, पण श्रम कमी. खरी चिंता असे ती बांधाची व उघाडीची. भरतीने एकदा बांध फोडला, की ती जमीन लगेच पूर्ववत पिकत नसे. म्हणून बांधाच्या कामाला सारा गाव लागे. एकट्याच्या नांगराने गोडे शेत पिकेल, खारे शेत पिकत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

खाडी ओलांडून वसईत गेले, की देखावा पालटतो. तेथे विहीर व रहाट ह्यांचे राज्य! पूर्वी ऊस, मग केळी, पानवेली, भाजीपाला, फुले. आगाशीकडील राजेळी केळ्याची सुकेळी कोणाला ठाऊक नाहीत? तेथील आपल्या धर्मबंधूंनी भाजी, फुले व दूध रेल्वेने मुंबईस पोहोचवून संसार केले. पुढे रहाटांच्या जागी पंप आले, उपसा वाढला, आणि पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ झाले. ज्या मिठाला बांध घालून बाहेर ठेवले, ते जमिनीखालून आत आले.

त्याही पलीकडे डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकन लाभले. वाड्याचा कोलम तांदूळ, ज्याला ते 2021 साली मिळाले. आणि जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नाचणी व वरी. हे तालुके 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत. चिकूची पेटी बाजारात मान पावते, नाचणी पिकविणारा मात्र पावसाळा संपताच कामासाठी घर सोडतो. ही तफावत आम्हांस नेहमी खटकते.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. 1949 साली आरे येथे दुग्धवसाहत स्थापन झाली. मुंबईच्या गोठ्यांतील म्हशी तेथे आणल्या, त्यांच्यासाठी पॅरा गवत लावले गेले. मुंबईच्या मुलांना दूध मिळाले, हे थोडे नव्हे. पण त्यानंतर गोरेगावात भात म्हणून जे राहिले, ते फारच थोडे. काही जमिनी सरकारने घेतल्या. काही आपणच विकल्या. भातापेक्षा भुईचा भाव चढला, तेव्हा कोण किती दिवस आवणी करणार? आम्ही त्या लोकांस दोष देत नाही; आमच्याच घरात असे कागद झाले आहेत. आरेच्या पाड्यांवरील वारली कुटुंबे अजूनही पावसाळ्यात थोडे भात व भाजी काढतात. ह्या भागातील गोडी शेती पाहावयाची असेल, तर त्यांच्याकडेच जावे लागते.

साष्टीतील अनेक पॅरिशांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण होतो. नव्या लोंब्या शेतातून मिरवीत आणून वेदीपुढे आशीर्वादासाठी ठेवतात. गोराईकडे ते शेत अजून देवळापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. आपल्याला लोंब्या मागवाव्या लागतात. आमची पॅरिश कमिटीस एक सूचना आहे. त्या कोणत्याही बाजारातून न आणता पाड्यांवरील शेतकऱ्यांकडून योग्य मोल देऊन घ्याव्यात, त्या कुटुंबांना सणाचे जेवायला बोलवावे, आणि आपल्या मुलांना आदल्या आषाढात एक दिवस त्यांच्या आवणीला पाठवावे. त्यांची संमती मात्र आधी विचारली पाहिजे. चिखलात उतरावयास तयार असलेल्या मुलांची नावे मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावीत.