गॉर्डन पार्क्स : चित्र आणि त्याची मांडणी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. कारण गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी मोठा स्वार्थत्याग केला होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६५ साली तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली, ही गोष्ट पुण्याच्या एका समाजसुधारकाला आपल्या घरची वाटली, यातच तिचे मोल दिसून येते. परंतु कायद्याने बेडी तोडली म्हणजे माणसाला त्याची ओळख परत मिळतेच असे नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून आणलेल्या त्या लोकांची नावे बदलली होती, भाषा तुटल्या होत्या आणि त्यांचा लेखी इतिहास बराचसा मालकांच्या हिशेबवह्यांत अडकून पडला होता. पुढे छायाचित्रणाची कला आली. पण कॅमेरा बहुधा दुसऱ्याच्याच हाती राहिला. आपले चित्र आपण काढावे आणि ते आपल्या रीतीने जगापुढे मांडावे, या हक्कासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत गॉर्डन पार्क्स यांची गणना करावी लागेल.

पार्क्स यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२ रोजी कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट या गावी झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील शेती करीत. गावातील प्राथमिक शाळा गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. आई वारल्यानंतर या मुलाला मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरी बहिणीकडे पाठविण्यात आले. पण मेहुण्याने त्याला लवकरच घराबाहेर काढले. तेथल्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत त्याने ट्रामगाडीत रात्री काढल्या, पियानो वाजवून पोट भरले आणि पुढे आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात वाढप्याची नोकरी धरली. याच नोकरीत असताना एका मासिकातील स्थलांतरित शेतमजुरांची छायाचित्रे त्याच्या पाहण्यात आली. दारिद्र्याचे चित्र असे काढता येते की पाहणाऱ्याला स्वस्थ बसवू नये, हे त्याला उमगले. सिॲटल येथील एका गहाणवटीच्या दुकानातून त्याने आपला पहिला कॅमेरा विकत घेतला. पुढे १९६६ साली लिहिलेल्या आत्मचरित्राला पार्क्स यांनी ‘अ चॉइस ऑफ वेपन्स’ म्हणजे ‘शस्त्रांची निवड’ असे नाव दिले, ते याच अर्थाने. हाती सुरी वा पिस्तूल येणे जेथे अवघड नव्हते, तेथे त्यांनी कॅमेरा उचलला.

१९४२ साली एक शिष्यवृत्ती मिळवून पार्क्स वॉशिंग्टनला आले आणि शेतमजुरांची स्थिती चित्रबद्ध करणाऱ्या सरकारी खात्यात दाखल झाले. खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी पहिल्या दिवशी त्यांचा कॅमेरा काढून ठेवला आणि शहरात नुसते फिरून यावयास सांगितले. उपाहारगृहात जेवण नाकारले गेले, दुकानात कोट मिळाला नाही, चित्रपटगृहाचे दार बंद झाले. संतापून परतलेल्या तरुणाला स्ट्रायकर यांनी त्याच कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंशी बोलण्याचा सल्ला दिला. वर्षाला अवघे १०८० डॉलर वेतन आणि त्यात सहा माणसांचे कुटुंब, असा त्या बाईंचा संसार होता. भिंतीवरील राष्ट्रध्वजासमोर पार्क्स यांनी त्यांना उभे केले. एका बाजूस केरसुणी, दुसऱ्या बाजूस फरशी पुसण्याचा कुंचा. ग्रँट वुड यांच्या १९३० सालच्या ‘अमेरिकन गॉथिक’ या विख्यात चित्राचेच नाव या छायाचित्राला मिळाले. ते सर्वश्रुत आहे. पण त्यानंतरचे काम तितके सर्वश्रुत नाही. पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. काही आठवडे ते या बाईंच्या घरी, नातवंडांत, प्रार्थनामंदिरात जात राहिले. पहिल्या चित्रात एला वॉटसन हे अन्यायाचे प्रतीक आहे. पुढच्या चित्रांत ती आजी आहे, शेजारीण आहे, श्रद्धावान स्त्री आहे. प्रतीकाकडून माणसाकडे जाण्याचा हा मार्ग पार्क्स यांनी पुढे सोडला नाही.

१९४८ साली ते ‘लाइफ’ या अमेरिकेतील फार मोठ्या खपाच्या साप्ताहिकाच्या नोकरीत शिरले. तेथील छायाचित्रकारांत ते पहिले कृष्णवर्णीय होत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका टोळीच्या सतरा वर्षांच्या म्होरक्यावर त्यांनी चित्रमालिका केली. त्या मुलाबरोबर राहून त्यांनी शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांत मारामारी होती, तसा घरकामात आईला मदत करणारा मुलगाही होता. संपादकांनी मात्र निवडलेल्या थोड्या चित्रांत भय आणि हिंसा यांनाच अधिक जागा दिली. चित्रे खोटी नव्हती. खोटी पडली ती त्यांची निवड. कॅमेरा आपल्या हाती आला तरी पानावर काय यावे आणि खाली मजकूर कोणता असावा, हे ठरविणारा हात दुसऱ्याचाच राहतो, हा धडा येथे मिळाला.

१९५० साली याहूनही बोचक अनुभव आला. पार्क्स आपल्या गावी, फोर्ट स्कॉटला गेले आणि काळ्यांच्या शाळेतील वर्गमित्रांचा शोध घेऊ लागले. बहुतेकांनी गाव सोडले होते. कोणी शिकागोला, कोणी डेट्रॉइटला, कोणी सेंट लुइसला पोटामागे गेले होते. पूर्वजांना सक्तीने समुद्रापार नेण्यात आले. नातवंडांना रोजगाराने आणि अपमानाने पुन्हा देशोधडीला लावले. पार्क्स यांनी गावोगाव जाऊन एकेकाचे घर गाठले व दारात उभ्या असलेल्या कुटुंबांची छायाचित्रे घेतली. हा लेख ‘लाइफ’मध्ये कधीच छापला गेला नाही.

आणि छापले जाण्याचीही किंमत असते. १९५६ साली अलाबामा राज्यातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाचे दैनंदिन जीवन त्यांनी रंगीत छायाचित्रांत टिपले. त्या चित्रांत आरडाओरड नाही. नेटका पोशाख केलेली एक स्त्री लहान मुलीसह दुकानाबाहेर उभी आहे आणि वर ‘कृष्णवर्णीयांचे प्रवेशद्वार’ अशी दिव्यांची पाटी आहे, इतकेच. चित्रे प्रसिद्ध झाल्यावर त्या कुटुंबातील एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि पतीसह तिला गाव सोडावे लागले. अशा वेळी छायाचित्रकार आपल्या शहरी परततो. चित्रातील माणसाला मात्र तेथेच राहावयाचे असते, ही गोष्ट विसरता येत नाही.

चित्रपटाकडे पार्क्स का वळले, याचे उत्तर या अनुभवांत सापडते. न छापलेले गाव त्यांनी सोडून दिले नव्हते. १९६३ साली त्यांनी ‘द लर्निंग ट्री’ ही कादंबरी लिहिली आणि १९६९ साली तिचा चित्रपट केला. एका मोठ्या हॉलिवूड कंपनीसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पटकथा, निर्मिती, संगीत हेही त्यांचेच, आणि चित्रीकरण झाले ते प्रत्यक्ष फोर्ट स्कॉट येथे. त्यातील मुलाच्या डोळ्यांदेखत एक काळा माणूस खून करतो आणि आरोप येतो एका निरपराध गोऱ्यावर. खरे सांगावे तर आपल्याच लोकांवर गोऱ्यांचा रोष उसळण्याचे भय. न सांगावे तर एका निर्दोषाचा बळी. मुलगा खरे सांगतो. मांडणीचा हक्क हाती आल्यावर पार्क्स यांनी तो स्वकीयांचे दोष झाकण्यासाठी वापरला नाही, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

१९७१ सालचा त्यांचा ‘शाफ्ट’ हा गुप्तहेरपट फार गाजला. पण या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो १९८४ सालचा दूरदर्शनपट. १८४१ साली वॉशिंग्टन शहरात फसवून पळविलेल्या आणि बारा वर्षे गुलामीत काढलेल्या सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र नागरिकाची ती हकीकत होय. ज्या शहरात पार्क्स यांना कोट मिळाला नाही, त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाचे नाव आणि स्वातंत्र्य दोन्ही हिरावले गेले होते. सुटकेनंतर नॉर्थप यांनी १८५३ साली आपली कथा ग्रंथरूपाने सांगितली. एका कृष्णवर्णीयाने सांगितलेली ती हकीकत दुसऱ्या कृष्णवर्णीयाने पडद्यावर आणली.

पार्क्स ७ मार्च २००६ रोजी निवर्तले आणि त्यांना फोर्ट स्कॉट येथेच मूठमाती देण्यात आली. २०१२ साली अलाबामातील दोनशेहून अधिक रंगीत चित्रे एका पेटीच्या तळाशी सापडली. फोर्ट स्कॉटच्या वर्गमित्रांची चित्रे २०१५ साली बोस्टनच्या कलासंग्रहालयात मांडली गेली. ती काढल्याला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. दाराच्या चौकटीत सरळ उभी असलेली ती कुटुंबे पाहणाऱ्याकडे दया मागत नाहीत. आपण येथे होतो, असे होतो, इतकेच ती सांगतात. कोणत्याही उपेक्षित समाजाचे चित्र समोर आले असता ते कोणी काढले, कोणी निवडले आणि कोणती चित्रे बाजूला ठेवली, हे विचारण्याची सवय पार्क्स यांच्या आयुष्यापासून घेण्यासारखी आहे.