देवळातले कासव आणि दर्यातले कासव

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाची पायरी चढून आत आले की देवाच्या आधी भेटते ते कासव. गाभाऱ्यासमोरच्या फरशीत ते शांत बसलेले असते. जीर्णोद्धारात जुनी फरशी निघते, खांब बदलतात, कौले जाऊन स्लॅब येतो. पण कासव हलवायचे म्हटले की गवंड्याचाही हात क्षणभर थबकतो. ते पुन्हा जागच्या जागी बसले म्हणजे मग देऊळ देवळासारखे दिसू लागते. कासव जसे पाय आणि मान आत ओढून घेते तसे भक्ताने मन आवरून आत यावे, असा त्याचा अर्थ कीर्तनकार सांगत आले आहेत. समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर घेणाऱ्या कूर्माची कथा तर लहान मुलांनाही ठाऊक असते.

आजचा विषय मात्र दगडी कासवाचा नाही. थंडीच्या दिवसांत रात्री पुळणीवर चढून येणाऱ्या जिवंत कासवाचा आहे, आणि ते ज्या दर्यातून येते त्या दर्याचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर एक विचित्र गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. देवळातल्या कासवाला हळदकुंकू वाहिले जात होते, आणि हाकेच्या अंतरावर पुळणीत खऱ्या कासवाची अंडी उकरून काढली जात होती. कोणी घरी खाण्यासाठी नेई, कोणी विकून चार पैसे करी. त्यात कोणाला पाप वाटत नव्हते. आंबा पडला की वेचावा, तसे ते होते. ज्यांनी अंडी काढली ती माणसे दुष्ट नव्हती, गरजू होती. हे आधी मान्य केल्याशिवाय पुढची हकिगत कळायची नाही.

ही हकिगत वेळासची आहे. सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते, तिथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर हे गाव आहे. रत्नागिरी जिल्हा, तालुका मंडणगड. नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणून पूर्वी त्याचे नाव घेतले जाई. आता ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि हा बदल कोणा राजाने वा सरकारने केलेला नाही.

त्याचे असे झाले. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत होती. २००२ साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या कामात वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की कासवे येतात, अंडी घालतात आणि अंडी टिकत नाहीत. माणसाच्या हातून सुटली तर कोल्ह्याच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडी जातात. कायदा तेव्हाही होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि समुद्री कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण कायद्याचे पुस्तक रात्री दोन वाजता पुळणीवर फेरी मारीत नाही. फेरी मारायला माणूस लागतो, आणि तो गावातला लागतो.

संस्थेने नेमके हेच ओळखले. अंडी कुठे सापडतात हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्या गावकऱ्यांकडेच राखणीचे काम आले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. ज्या नजरेने कालपर्यंत उकरण्यासाठी माग काढला, तीच नजर राखणीला उपयोगी पडली.

राखण म्हणजे काय करतात, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण त्यात पैशापेक्षा नेम जास्त लागतो. या किनाऱ्यावर येते ती बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची मादी. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, बहुधा रात्री, भरतीची रेषा ओलांडून ती वर येते. मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते. तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर, अगदी मडक्यासारखा. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी आणि पांढरी, पण कवच कडक नाही, चामड्यासारखे मऊ. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. आई लेकरे सोडून जाताना रडते असे लोक म्हणतात. शास्त्र सांगते की समुद्राचे खारे पाणी पोटात जाते, त्यातले जादा मीठ ती डोळ्यांवाटे टाकते. दोन्ही ऐकावे, ज्याला जे रुचेल ते घ्यावे. वाळू सारखी करून ती निघून जाते आणि पुन्हा मागे वळून पाहत नाही. राहतो तो तिच्या पायांचा माग. पहाटे निघालेला कासवमित्र तोच शोधत असतो.

माग सापडला की काठीने चाचपून खड्डा शोधायचा, अंडी हलक्या हाताने काढून वाळू घातलेल्या टोपलीत ठेवायची आणि काही तासांच्या आत कुंपणातल्या जागी न्यायची. या जागेला हॅचरी म्हणतात. नेताना अंडे उलटेपालटे होता कामा नये, कारण आतला जीव कवचाला वरच्या बाजूस धरू लागलेला असतो. उलटले तर तो मरतो. तिथे त्याच मापाचा, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवतात आणि तारीख लिहितात. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच उबवण करते. आईची ऊब इथे नाही. नर होणार की मादी, हेही वाळूची ऊब ठरवते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. हवा दिवसेंदिवस तापत चालली आहे, तेव्हा उद्या केवळ माद्याच निपजतील की काय, ही जाणत्यांची चिंता पोकळ नाही.

दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले वर आलेली असली की पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. हातात धरून पाण्यात कोणी टाकत नाही. चालत जाणे हे त्यांचे त्यांनाच करू देतात. यातले हजारी एखादेच मोठे होते असे सांगतात. जे मोठे होते ते बहुधा आपल्याच जन्माच्या मुलखाकडे अंडी घालायला येते. म्हणूनच कोकणात म्हणतात, कासवीण बाळंतपणाला माहेरी आली.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले पाहायला पुण्या-मुंबईचे लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. ओटीवर झोपायचे, पंक्तीला बसायचे, घरचे मोदक आणि सोलकढी घ्यायची. त्याचे पैसे थेट घरात येतात, बायकांच्या हाती येतात. जिवंत कासव मेलेल्या अंड्यापेक्षा अधिक मिळवून देते, हे एकदा घराघरांत कळले आणि मग उपदेशाची गरज उरली नाही. वेळासचे पाहून आंजर्ले, केळशी, गुहागर, रत्नागिरीजवळचे गावखडी, रायगडातले हरिहरेश्वर आणि दिवेआगर, सिंधुदुर्गातले वायंगणी अशा गावोगावी राखण सुरू झाली.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. पाहुण्यांबरोबर मोबाइलच्या बॅटऱ्या आल्या. रात्री समुद्राकडचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्या उजेडाच्या रोखाने पिल्लू चालते. मागे दिवे लखलखत असले तर ते उलटे चालत येते आणि सकाळी उन्हात मरते. किनाऱ्यालगत बंगले आणि झगझगीत दिवे बांधणाऱ्यांनी याचा विचार करावा. काही पाहुणे पिल्ले दिसली नाहीत म्हणून कुरकुरतात, त्यांना निसर्गाचे वेळापत्रक एसटीसारखे हवे असते. (एसटीचेही तसे असते असे नाही.)

पुळणीवर राखलेले कासव पुढे दर्यात जाते, आणि तिथे गाठ जाळ्याशी पडते. कासव माशासारखे पाण्यात श्वास घेत नाही. त्याला वर यावेच लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते फार वेळ राहिले तर बुडून मरते. बाहेर काढायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे मासेमाराचे शेत. त्याने ते फुकट का कापावे? हा प्रश्न रास्त होता. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस त्याला उत्तर दिले: संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. सोडवल्याचे चित्रण वा छायाचित्र दाखवावे लागते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासेमाराला हे ठाऊक असायला हवे.

शेजारच्या गुजरातेत याही आधीची एक गोष्ट घडली आहे. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्क नावाचा अजस्र पण निरुपद्रवी मासा येतो. त्याला पिंपे बांधून दमवून मारीत, म्हणून त्याचे नावच ‘बॅरल’ पडले होते. यकृताचे तेल होड्यांना लावीत. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, तरी शिकार एका दिवसात कशी थांबणार? मग २००४ साली कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितले की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, लेकीला कोणी मारते का? बापूंच्या या एका बोलाने मासेमारांच्या मनात कायद्यापेक्षा खोल घर केले. त्याचे नाव ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे झाले. कापलेल्या जाळ्याची भरपाई तिथल्या वनखात्याने देऊ केली. त्यानंतर शेकडो व्हाली मासेमारांनी स्वतःच्या हाताने जाळी कापून सोडल्या आहेत. नुसत्या भावनेवर हे झाले नसते आणि नुसत्या पैशावरही झाले नसते.

खरे म्हणजे दर्याला विसावा देण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पाण्यात लोटायच्या, हा नेम कोळीवाड्यांनी कोणी न सांगता पाळला. मासळीच्या विणीचे दिवस त्यात आपोआप राखले गेले. आता यांत्रिक नौकांसाठी कायद्याने १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ती जुन्या नेमाची धाकटी बहीण म्हणायची. २०२३ साली पापलेट राज्याचा मासा ठरला आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. बोटाएवढे पापलेट पकडणारा दोषी खरा, पण ते स्वस्त म्हणून पिशवीत घालणारे गिऱ्हाईकही तितकेच दोषी. दादर-गिरगावच्या बाजारात उभ्या असणाऱ्या चाकरमान्याच्या हाती एवढे निश्चित आहे की कोवळे मासे घेऊ नयेत. कोळणीने भाव कितीही उतरवला तरी घेऊ नयेत.

आणि ज्याचा संबंध थेट देवळाशी येतो ते निर्माल्य. फुले पाण्यात सोडली तर कुजून जातात. पण हल्ली फुले, कापूर, हार, थर्माकोल, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून खाडीत जाते. देवाला वाहिलेले पायदळी येऊ नये हा हेतू चांगला. फुले विरतात, पिशवी मात्र तशीच तरंगत दर्याला पोहोचते. पाण्यात झुलणारी पांढरी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि जेलीफिश हे त्याचे खाद्य. ती गिळली की आतडे तुंबते. नव्या देवळात समई आली, घंटा आली, दानपेटी आली. आवाराच्या कोपऱ्यात निर्माल्याचा एक खड्डा खणायला त्या मानाने किती खर्च येणार? त्याचे खत देवळाच्याच तुळशीला आणि जास्वंदीला घालता येईल. देणगीदारांत कोणाला अजून नाव द्यायचे राहिले असेल तर या खड्ड्याला द्यावे. संगमरवरी पाटी मिळणार नाही, एवढेच.

तुटलेले जाळे दर्यात टाकून न देता किनाऱ्यावर आणणे, पुळणीवरची वाळू ट्रकने उपसू न देणे, सणाला मूर्ती शाडूची आणणे, ही कामे गावोगावी ठाऊक आहेत. पुन्हा पुन्हा सांगून ती होत नाहीत. एकाने सुरू केली की होतात.

शेवटी एका कासवाची बातमी. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात गहिरमाथा येथे, जिथे कासवे लाखांनी येतात, एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला शास्त्रज्ञांनी धातूचा बिल्ला लावला. क्रमांक ०३२३३. पुढे चार वर्षे तिचा पत्ता नव्हता. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. लंकेला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास तिने केला असावा असा अंदाज आहे. पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असा समज होता, त्याला त्या बिल्ल्याने धक्का दिला. गुहागरच्या राखणदारांनी क्रमांक टिपून घेतला आणि तिची अंडी इतर अंड्यांसारखीच हॅचरीत नेऊन ठेवली.