जुनें लेथयंत्र घेतांना

लांकूड कातण्याचें जुनें लेथयंत्र स्वस्त मिळतें, आणि घेणारा त्याचें जाड ओतीव बीड पाहून भुलतो. बीड पहावेंच, पण त्याआधीं फिरत्या दांड्याच्या टोंकावरचे आटे मोजावे. चक बसावयाचा तो तेथेंच.

इंग्लंडांतील मायफर्ड कारखान्याचें ‘एमएल ८’ घ्या. दांड्याचा व्यास १ इंच आणि इंचास आटे १२. अमेरिकन लेथाच्या चकाचें मापही पुष्कळदां १ इंचच, परंतु आटे ८. दुकानदार ‘एक इंची’ म्हणतो तें खोटें नसतें. चक मात्र फेरा पुरा होण्यापूर्वींच अडतो. तेथें जोर करणारा आटे तर मारतोच, शिवाय अशा अर्धवट पकडींतून भर वेगांत सुटलेला ओंडका थेट त्याच्या तोंडावर येऊं शकतो. मोजण्याचें साधन नसल्यास कागदाची पट्टी आट्यांवर दाबावी आणि एका इंचांतील ठसे मोजावे.

आंतून १२ व बाहेरून ८ आट्यांची जोडकडी मिळते. तिनें काम भागतें. पण चक बेअरिंगपासून दूर जाऊन जड थाळ्याला कंप सुटतो. तिचा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा हें बरें.

दांड्याच्या पोटांतील निमुळत्या भोंकाचेंही तेंच. मोर्स क्रमांक १ चें तोंड सुमारें १२ मिलिमीटर, २ चें १७.८. लहान सामान मोठ्या भोंकांत मधें नळी घालून बसतें; उलट बसत नाहीं.

आणि विकणाऱ्याच्या अडगळींत त्या यंत्राच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्या पेटीसकट मागून घ्याव्या.