नवी राहुटी गळली

वारीसाठी आम्ही नवी राहुटी घेतली. घरची माणसे सहा, त्यांत ऐंशी वर्षांची आई. पालखी निघायला आठ दिवस होते.

राहुटी अंगणात उभी केली आणि वरून दोन घागरी पाणी ओतले. शिवणीतून धार लागली! नातवंडे हसली. आम्हांला काही हसू आले नाही. वाटेत पाऊस आला असता तर म्हातारीचं काय?

शिवणीला मेणबिण काही लावले नाही. आपण हात लावला, की दोष आपल्यावर येतो. गळतीचे फोटो काढले, राहुटी वाळवून घडी केली आणि पावती घेऊन दुकान गाठले.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, खाली वाचा की. विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

आम्ही वाचले. पण छापलेले सगळेच कायद्याचे नसते. तुम्ही आता वाचू लागलात, म्हणून मुद्दाम सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पावतीवर मुदत नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यावा लागतो.

तिथंच अर्ज लिहिला. एक प्रत त्याला दिली, दुसरीवर त्याची सही घेतली. म्हटले, "आता १९१५ नंबरला फोन करतो. नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने दुसरी राहुटी दिली. तिच्यावरही दोन घागरी ओतल्या, त्याच्याच दुकानापुढे.