तब्येत सुधारली, की बिघडली?

श्रोतेहो, आपल्याकडे कोणाचे गाल जरा वर आले की आपण कौतुकानं म्हणतो, ‘तब्येत सुधारली हं!’ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईंना सगळा गाव हेच सांगत होता. वय बेचाळीस. चेहरा गोल गरगरीत, गाल लालबुंद, पोट सुटलेलं, मानेच्या मागे वशिंडासारखा उंचवटा. हातपाय मात्र काटक्यांसारखे. जमिनीवर बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नव्हतं. जरा कुठे आपटलं की काळंनिळं होई. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे उमटलेले. रक्तदाब आणि साखर, दोन्ही वर्षभरात वाढलेली.

या आजाराला ‘कुशिंग सिंड्रोम’ म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदानं 1912 साली अशाच एका तरुण स्त्रीचं वर्णन लिहून ठेवलं होतं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. ते पहाटेनंतर भरपूर असतं, मध्यरात्री अगदी कमी. रक्तातली साखर आणि रक्तदाब टिकवणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. किती तयार करायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. हेच संप्रेरक महिनोन् महिने जास्त राहिलं, तर स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, हाडं ठिसूळ होतात आणि चरबी चेहरा, मान व पोटावर जमते. (ऑफिसातल्या ताणामुळे हा आजार होतो असं मोबाइलवर वाचलं असेल, तर ते विसरा.)

क्वचित पिट्युटरीवर किंवा अ‍ॅड्रिनलवर गाठ येते आणि त्यामुळे कॉर्टिसॉल वाढतं. पिट्युटरीची गाठ बहुतेक वेळा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढता येते. पण या बाईंच्या रक्ततपासणीत उलटंच दिसलं. सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच! लक्षणं सगळी जास्तीची, आणि आकडा तळाला.

मी विचारलं, ‘‘ताई, दुखण्याखुपण्याचं काही औषध घेता?’’

‘‘औषध नाही हो. गुडघ्यांसाठी पुडी घेते. दोन वर्षं झाली. जडीबुटीची आहे, अपाय नाही तिचा.’’

पुडीवर ना नाव, ना घटक. मी कोणत्याही उपचारपद्धतीला नावं ठेवत नाही. पण जी पुडी खाल्ली की दुसऱ्या दिवशी गुडघे पळायला लागतात, तिच्यात स्टेरॉईड असण्याचा संशय घ्यावाच लागतो. स्टेरॉईड म्हणजे कॉर्टिसॉलचंच कारखान्यात तयार झालेलं भावंड. ते बाहेरून मिळू लागलं की पिट्युटरी हुकूम सोडणं थांबवते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. म्हणून बाईंचं स्वतःचं कॉर्टिसॉल तळाला गेलं होतं.

हे ऐकून त्यांचा मुलगा इतका चिडला, की पुड्यांचा डबाच गटारात फेकायला निघाला. त्याला मी थांबवलं. झोपलेल्या ग्रंथी एका रात्रीत जाग्या होत नाहीत. औषध एकदम तोडलं तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. बाईंनी मध्ये एकदा चार दिवस पुडी सोडली होती. चक्कर येऊन पडल्या आणि पुन्हा सुरू केली. ‘पुडीशिवाय चालत नाही’ ही त्यांची खात्री तिथेच पटली. पुडी बंद केली, पण तिच्या जागी मोजून मापून गोळी दिली आणि ती हळूहळू उतरवत नेली. मधल्या काळात ताप आला किंवा शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर डॉक्टरला हे आधी सांगायचं, असं कागदावर लिहून तो पदराला बांधायला सांगितलं.

स्टेरॉईड हे मुळात विष नव्हे. संधिवातावरच्या त्याच्या गुणाबद्दल 1950 साली नोबेल पारितोषिक मिळालं आहे, आणि दम्याच्या रुग्णांना ते आजही वाचवतं. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर हे भाषण ऐकून बंद करू नका.

मलमाचंही तेच. गजकर्णाला, चेहरा उजळायला म्हणून दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉईड असू शकतं. 2018 साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ‘ती मागच्या वेळची ट्यूब द्या’ थांबलेलं नाही. तान्ह्या बाळाच्या पुरळावर ती रोज चोळली, तर कातडीतून औषध आत उतरतं. मूल नुसतं जाड होतंय आणि उंची अडली आहे, असं दिसलं तर दाखवायला आणा, आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून सोबत आणा.

त्या बाई दीड वर्षानं आल्या त्या स्वतःच्या पायांनी जिना चढून. गाल उतरले होते, पट्टे फिकट झाले होते. हसत म्हणाल्या, ‘‘आता गावातल्या बायका विचारतात, काय गं, किती वाळलीस!’’